गुडघ्यांचं निमित्त

फ्रे, १० जून २०१८

प्रिय ग्वेंडाताई,

पोचलो, टेकलो आणि घरही मिळालं. तुमच्या दक्षिणेतल्या ट्रांगच्या स्टेशनवर तू म्हणाली होतीस, "उत्तरेत तुझा निभाव लागणार नाही, शेपूट घालून परत येशील." शेपूट अजून जागच्या जागी आहे. फोन करायचा नाही, पत्रच लिहायचं, ही तुझी अट. फोनवर मी नुसतं 'हं, हं' करतो म्हणे. मग घे आता लांबलचक.

घर सागवानी आहे, उंच खांबांवर उभं. खाली मोकळी जागा, वर दोन खोल्या आणि रुंद ओसरी. मालकीण चानपेनबाई, साठीच्या आसपासची, नवरा गेलेला. मागच्या अंगणात सिमेंटची एक बुटकी खोली आहे, तिथे ती आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहते. एवढ्या मोठ्या घराची निगा होईना म्हणून भाड्यानं दिलं. "दोन वर्षं तरी राहाल ना, लाइलदादा?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं हात जोडले, मी जोडले, झाला करार.

ताई, बायको गेली, आयलीन गेली, तेव्हापासून मला कुठल्याच घरात स्वस्थ झोप लागलेली नाही. मायदेशी बर्नीच्या आमच्या घरात नाही आणि तुझ्याकडे तर नाहीच, पण तिथे तुझ्या नणंदेच्या कोंबड्यांचा दोष जास्त. इथे पहिल्या दिवशी आडवा झालो तो थेट सकाळी गावच्या भोंग्यानं उठलो. जन्मभर बोटीची इंजिनं सांभाळली, आता हे एक घर सांभाळावं आणि इथेच म्हातारं व्हावं, एवढंच मागणं आहे.

तुझ्यापाशी या देशातल्या सव्वीस वर्षांचं शहाणपण साठलंय, त्यातलं थोडं वाट. मुंग्यांचं काय करू? साखरेचा डबा लपवला तर त्या शोधतात, उघड्यावर ठेवला तर आमंत्रण समजतात. सरपंच रोज पहाटे भोंग्यावरून गावाला काय काय सांगत असतो, त्याची तक्रार कुठे करायची? आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की गल्लीतला प्रत्येक माणूस विचारतो, "कुठे निघालात?" अगं, मला तरी कुठे माहीत असतं!

तुझा मामेभाऊ,
लाइल


ट्रांग, २२ जून २०१८

चिरंजीव लाइल,

चौसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव लिहायचं म्हणजे माझीच लेखणी अडखळते, पण तू वागतोस तसाच.

मुंग्या: फडताळाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव आणि पाण्यात थोडं मीठ घाल. भोंगा: तक्रार करशील तर पुढच्या पहाटे तुझी तक्रारच भोंग्यावरून ऐकशील. त्यापेक्षा ऐकायला शीक. पाणी कधी जाणार, कुणाकडे तेरावं-चौदावं आहे, कुणाची म्हैस सुटली, सगळं त्यात असतं. 'कुठे निघालात' याला उत्तर नसतं रे. 'इथेच जरा' म्हणायचं आणि चालू लागायचं. त्यांना पत्ता नको असतो, तू दिसलास एवढंच ते म्हणत असतात.

परदेशी माणसांना दर नव्वद दिवसांनी सरकारी कचेरीत हजेरी लावावी लागते, ती द्यायला जाशील तेव्हा लांब विजार आणि बाह्यांचा सदरा घाल. तुझी ती अर्धी चड्डी बघून साहेबाच्या कपाळावर जी आठी पडेल तिचा कागद होऊन तुझ्याच गळ्यात पडेल. प्रत्येक झेरॉक्सवर सही कर, निळ्या शाईनं. वाद घालू नकोस. उकाड्यात वाद घालणारा माणूस इथे हरतोच, त्याचं बरोबर असलं तरी. धुतलेल्या विजारी लोकांच्या डोक्यावर येतील अशा वाळत घालू नकोस. आणि शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नकोस, दोन केळी तरी ठेव.

शेवटचं म्हणजे, घराला हात लावण्याआधी मालकिणीला विचार. तुझे हात शिवशिवतात हे मला ठाऊक आहे. लहानपणी माझी सायकल 'नीट' केली होतीस, ती पुन्हा कधी चालली नाही.

तू गेल्यापासून सकाळी भाजलेलं डुकराचं मांस आणि कॉफी घेऊन बसते, पण वाद घालायला कोणी नाही. नणंद लमाय माझ्याशी सगळ्या बाबतीत सहमत होते, तेव्हा त्यात काही मजा नाही.

ग्वेंडा


फ्रे, २६ ऑगस्ट २०१८

प्रिय ताई,

मुंग्या हरल्या. भोंग्यातलं निम्मं कळायला लागलं. विजार घालून हजेरी लावून आलो, साहेब चक्क हसला. एकंदरीत मी सुखात आहे आणि हे लिहायला जरा भीतीच वाटते, सुखाला दृष्ट लागते म्हणून.

आता मोठी भानगड. दार लावून वाच, लमायला मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.

मी चानपेनबाईला विचारूनच जिन्याच्या दोन सडक्या पायऱ्या बदलल्या. "छान, फार छान," ती म्हणाली. मग पाण्याचा पंप खोलून बसवला. "छान, फार छान." मग ओसरीचा कठडा. तेव्हापासून बाईचं येणं वाढलंय. एक दिवस हिरव्या मिरच्या भाजून केलेला ठेचा आणि टोपलीत चिकट भात, दुसऱ्या दिवशी खाटकाकडची डुकराच्या कातडीची तळलेली कुरकुरीत सालटं. येते, पायरीवर बसते आणि माझी चौकशी करते.

"लाइलदादा, जिना चढताना गुडघे नाही हो दुखत?"

"नाही बुवा."

"एवढं मोठं घर, माणूस एकटा. खायला नाही उठत?"

"मला तर आवडतं."

"आमच्या ह्यांच्या काकांना या ओसरीवर पांढऱ्या कपड्यातली बाई दिसली होती. तुम्हाला नाही दिसली?"

"दिसली तर चहा पाजेन," मी म्हणालो. ती हसली, पण जरा उशिरानं हसली.

काल तर कहर झाला. म्हणाली, "बाजारामागे माझ्या मावसबहिणीचं छोटंसं घर आहे, रिकामंच पडलंय. सगळं सपाट, पायरी म्हणून नाही. उतारवयात असं घर बरं, नाही?" आणि माझ्याकडे बघत राहिली.

ताई, मी काही दूधखुळा नाही. विधवा बाई, एकटा पुरुष, रोजचा डबा, गुडघ्यांची काळजी, उतारवयाचं छोटं घर. बाईच्या मनात लग्न आहे! बाई भली आहे, ठेचा तर अप्रतिम करते. पण आयलीनच्या जागी मला कोणी नकोय आणि नाही म्हटलं तर घर जाईल. काय करू? लवकर लिही.

लाइल


ट्रांग, ५ सप्टेंबर २०१८

अरे नवरदेवा,

लमायला मोठ्यानंच वाचून दाखवलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची बाई डॉक्टरला बोलावू का विचारून गेली.

बाबा रे, बाई ज्याच्यावर डोळा ठेवते त्याच्या गुडघ्यांची चौकशी करत नाही, निदान लग्नाआधी तरी. तू आरशात बघतोस की नाही? तिला तू नकोयस, तुझ्या बुडाखालचं घर हवंय. काहीतरी कारण असेल, कुणी जास्त भाडं देत असेल किंवा तुझी ठोकाठोक नको झाली असेल.

पण यात एवढं कोडं काय आहे? आमच्या दक्षिणेत असं काही असलं तर घरमालकीण बाजारात चारचौघांत सांगते, "काय हो, खोली कधी सोडता?" थवातनं मला लग्नाचं विचारलं होतं तेसुद्धा बस थांब्यावर उभी होती तेवढ्या वेळात, आणि मी पाय पायरीवर ठेवता ठेवता हो म्हणाले. इथल्या माणसांशी सरळ बोललं की ती सरळ बोलतात. जा आणि तोंडावर विचार, "बाई, घर परत हवंय का?" हो म्हणाली तर हो, नाही म्हणाली तर नाही. सव्वीस वर्षं मी असंच करत आले, माझं काही बिघडलं नाही.

ग्वेंडा


फ्रे, २० सप्टेंबर २०१८

प्रिय ताई,

विचारलं! आणि तुझा अंदाज चुकला, हे लिहिताना मला किती आनंद होतोय म्हणून सांगू.

चानपेनबाई अंगण झाडत होती. मी सरळ समोर जाऊन उभा राहिलो आणि तू सांगितलंस तसं विचारलं. तिचा झाडू थांबला. मग तोंडावर हात धरून हसत म्हणाली, "छे, छे! असं कोण म्हणालं? राहा की. हवं तितकं राहा. घर तुमचंच आहे." आणि हसतच आत गेली. दुसऱ्या दिवशी फणसाची भाजी पाठवली. गुडघ्यांची चौकशीही त्या दिवसापासून बंद. लग्नाचं भूत उतरलं. खोटं कशाला बोलू, जरासं वाईटही वाटलं.

तेव्हा आता मी हात सैल सोडलाय. छपराची कौलं परतून घेतली. खालच्या मोकळ्या जागेत माझी हत्यारं लावली. पुढच्या खोलीच्या खिडक्यांना नव्या बिजागऱ्या बसवल्या. गल्ली येता-जाता बघते आणि म्हणते, छान, फार छान.

मध्ये तिची मुलगी कानलया येऊन गेली, रायोंगला कारखान्यात असते. चांगली अंगानं भरली आहे. जावई पण गरीब वाटला. त्या बुटक्या खोलीत जागा नसल्यानं दोघं बाहेर बाजेवर बसली होती. पोरीला या घराचा फार लळा दिसतो. बराच वेळ वरच्या पुढच्या खोलीकडे बघत होती. मी तिला वर बोलावून नव्या बिजागऱ्या दाखवल्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काम खरंच सुबक झालंय गं.

तुझा विजयी भाऊ,
लाइल


ट्रांग, १ ऑक्टोबर २०१८

लाइल,

हे पत्र मिळताच हातातली हातोडी खाली ठेव.

तुझं पत्र जेवताना वाचून दाखवलं. लमायची धाकटी सून लाम्पांगची, म्हणजे तुमच्याकडचीच. ती कधी काही बोलत नाही, माझ्याकडे बघून गोड हसते. आज तिनं घास खाली ठेवला आणि म्हणाली, "मामी, ती मुलगी अंगानं भरलेली नाही हो. ती पोटुशी आहे."

मग एकेक उलगडत गेलं. तुमच्याकडे पहिलटकरीण आईकडे येते. महिनाभर खोलीत शेक घेऊन राहते, वारा लागू द्यायचा नाही, फोडणीचा वास येऊ द्यायचा नाही. ती बुटकी खोली बघ, त्यात एक म्हातारी, एक आई, वर बाळंतीण आणि बाळ, कसं जमेल? त्या घराच्या पुढच्या खोलीतच चानपेन जन्मली असेल, कानलयाही तिथेच. पण बाईनं तुला दोन वर्षांचा शब्द दिलाय. दिलेला शब्द ती मोडणार नाही आणि तोंडानं 'जा' तर मरेपर्यंत म्हणणार नाही. तू तोंडावर विचारलंस तेव्हा 'छे, छे'शिवाय ती दुसरं काय म्हणणार होती?

आणि गुडघे! सून म्हणाली, "काकांना समजलं कसं नाही? ती त्यांना कारणं देत होती." गुडघे दुखतात, एकटेपणा वाटतो, भुताची भीती वाटते. यातलं कुठलंही एक तू उचलायचं आणि म्हणायचं, 'बाई, मला जमत नाही, मी निघतो.' म्हणजे शब्द तिनं मोडला नाही, हाकललं तिनं नाही, आणि तुझाही मान राहिला. बिचारीनं निमित्तं ताटात वाढून आणली आणि तू प्रत्येक वेळी म्हणालास, भूक नाही.

सल्ला माझा होता, म्हणून माफी माझी. उंटावरून शेळ्या हाकल्या मी. आमची दक्षिण वेगळी, तुमची उत्तर वेगळी, हे सव्वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नाही, कारण मी कोणाला विचारलं नाही. ही सून दोन वर्षं माझ्याकडे बघून नुसती हसतेय. मला वाटायचं, आनंदी स्वभावाची आहे. आता वाटतं, काय काय गिळलं असेल पोरीनं.

आता तुझं तू ठरव. गप्प बसलास तर तुला कोणीही काही म्हणणार नाही. त्या घरात सुखानं म्हातारा होशील आणि गल्ली रोज म्हणेल, छान, फार छान.

ग्वेंडा


फ्रे, १८ नोव्हेंबर २०१८

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला, कारण मी रुसलो होतो. तुझ्यावर, त्या सुनेवर, सगळ्या उत्तरेवर. सरळ सांगायला काय जातं या लोकांचं? मी काय वाघ आहे? तुझं पत्र फडताळात टाकलं आणि ठरवलं, मला मिळालंच नाही.

पण एकदा कळलेलं विसरता येत नाही गं. चानपेन अंगणात दुपटी वाळत घालायची आणि मी ओसरीवर आलो की ती घाईघाईनं चादरीखाली झाकायची. आपल्याच घरासमोर, माझ्यापासून! जितकं मी घर नीट करत गेलो तितकी तिची जीभ बांधली गेली. एवढी कौलं परतणाऱ्या माणसाला निघा म्हणायचं कसं? मला हे घर सोडायचं नव्हतं, ताई. झोपेसाठीच नव्हे. या गल्लीत मी 'सागवानी घरातले लाइलदादा' आहे. घर गेलं की मी कोण? बाजारात फिरणारा आणखी एक गोरा म्हातारा. हे मला खरोखर टोचत होतं.

शेवटी एका सकाळी तिची आई, त्या वाकलेल्या आजी, काठी टेकत जिन्यापाशी आल्या. वर बघितलं, खांबावरून हात फिरवला आणि परत गेल्या. मग माझ्यानं राहवलं नाही.

मी चानपेनकडे गेलो. भुताचं सांगावं की गुडघ्यांचं, हे वाटेत ठरवलं. भूत चहाच्या विनोदात आधीच वाया घालवलं होतं, म्हणून गुडघे. गुडघ्यावर हात ठेवून म्हणालो, "बाई, मला माफ करा. दोन वर्षं राहतो म्हणालो होतो, पण हा जिना आता झेपत नाही. गुडघे फार दुखतात. तुमची ती सपाट जागा अजून रिकामी आहे का?"

ती एकदम खाली बसली आणि पदरासारखा खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला. "लाइलदादा, किती दुखतात हो?"

"फार," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना, तेव्हापासूनच. मला सांगायला संकोच वाटला."

ती रडता रडता हसायला लागली. ती तोंडावर हात धरून हसते ते हसू नव्हे, दुसरंच, मी आधी ऐकलं नव्हतं.

ती सपाट जागा झाडूनपुसून तयार होती. उशीला अभ्रासुद्धा घातलेला होता. कधीपासून तयार होती ते मी विचारलं नाही, एवढं आता मला समजतं. सामान हलवायला सगळी गल्ली आली. मला कोणी काही उचलू देईना, "गुडघे, दादा, गुडघे!" आणि इथून माझ्या हालांना सुरुवात झाली. मी लंगडलो पाहिजे ना! दुकानदार मलम देतो, औषधवाली उकडलेल्या पाल्याची पुरचुंडी बांधते, देवळातले भिक्खू सायकल चालवू नका म्हणतात. मालिशवाल्या बाईनं परवा माझे दोन्ही धडधाकट गुडघे असे रगडले की आता ते खरंच दुखतात. आणि ही नवी जागा चांगली आहे, पण रात्री छताकडे बघत पडून असतो. त्या घराची आठवण येते. लपवत नाही.

लाइल


ट्रांग, २ डिसेंबर २०१८

माझ्या लाइल,

पत्र सुनेला दिलं. तिनं वाचलं आणि उठून माझ्या पाया पडली. म्हटलं, "अगं, शहाणपण त्यानं केलं, नमस्कार मला कशाला?" म्हणाली, "त्यांना पोचवा."

पोचवलाय.

हात दाखवून अवलक्षण झालंय तुझं, पण आता एक कर. कुठला पाय ते ठरव आणि तोच धर. तुझा बाप शाळा चुकवायला लंगडायचा तेव्हा आपली आजी म्हणायची, खोटं बोलायचं तर लक्षात राहील असं बोलावं. माझ्याकडची खोली रिकामी आहे. लमायनं कोंबड्या कमी केल्यात. तुला तिथे झोप येत नसेल तर सांग, मी काही विचारणार नाही. थंडी पडली असेल तिकडे, जाकीट काढ. आणि बाळंतिणीच्या घराजवळ कांदा परतू नकोस.

तुझी ताई


फ्रे, २७ जानेवारी २०१९

प्रिय ताई,

तुझ्या खोलीचं मनावर घेतलं होतं. पिशवीही काढून ठेवली होती. आता जे झालं ते ऐक.

कानलयाला मुलगी झाली. महिना पुरा झाला आणि बाळंतीण खोलीबाहेर आली, त्या दिवशी गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी बाळाच्या मनगटाला दोरा बांधायचा असतो. चानपेन मला बोलवायला स्वतः आली. मी म्हणालो, "मी कशाला? मी तर आता गल्लीतलाही नाही." ती म्हणाली, "तुम्ही वडीलधारे नाही का?" आणि वाट बघत उभी राहिली.

सकाळी धुकं होतं, अंगणात शेकोटी पेटली होती. मी लंगडत गेलो. तोच जिना, मीच बसवलेल्या पायऱ्या, आणि मला कठडा धरून कण्हत चढावं लागलं. वर पुढच्या खोलीत सगळी मंडळी चटईवर बसलेली आणि माझ्यासाठी एकच प्लास्टिकची खुर्ची, गुडघ्यांसाठी. इथे वडीलधाऱ्यांपेक्षा उंच बसणं किती वाईट, ते तुला सांगायला नको. आजी जमिनीवर आणि मी त्यांच्या डोक्यावर, एखाद्या सरदारासारखा! कानाच्या पाळ्या तापल्या. वाटलं, हे संपलं की थेट ट्रांगची गाडी पकडायची.

एकेकानं दोरा बांधला. मग आजींनी बाळाला मांडीवर घेतलं, पांढरा दोरा माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "ये रे, लाइल." बाळ जागं होतं. काळेभोर डोळे, मूठ घट्ट मिटलेली. एवढंसं मनगट ते. मी खुर्चीवरून उठलो, पुढे झालो आणि मांडी घालून समोर बसलो. सहज, कुठे हात न टेकता, बोटीच्या इंजिनाखाली जन्मभर बसत आलो तसा. दोरा बांधला. आयलीनला नातवंडाची फार हौस होती, ते आठवलं, म्हणून गाठीवर बोट जरा जास्त वेळ ठेवलं.

मग लक्षात आलं की खोली गप्प झालीय. सगळे माझ्या गुडघ्यांकडे बघतायत. मलमवाला आहे, पाल्याची पुरचुंडी बांधणारी आहे, मालिशवाली बाई आहे. चानपेनचा चेहरा पांढराफटक. माझं खोटं उघडं पडलं तर तिचंही पडणार होतं. आपण पाहुण्याला घराबाहेर काढलं, हे चारचौघांत तिच्या माथी येणार होतं. मोडकीतोडकी भाषासुद्धा त्या क्षणी पळून गेली.

आजींनी शांतपणे बाळाची टोपी सरळ केली आणि म्हणाल्या, "बघा गं बायांनो, पोरीचा पायगुण! आल्या आल्या काकाचे गुडघे बरे केले."

मग मालिशवाली म्हणाली, "मी म्हटलंच होतं, या घरात काहीतरी शुभ होणार."

"परवापासून फरक पडलाच होता," पुरचुंडीवाली म्हणाली. "चालताना दिसत होतं."

मलमवाला म्हणाला, "थोडा माझ्या मलमाचाही गुण असेल."

"असेल की," आजी म्हणाल्या. "पण मुख्य पोरीचा."

ताई, त्या सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून, प्रत्येकाला. मालिशवालीला कळणार नाही का, कुठला गुडघा दुखरा आणि कुठला धडका? तरी ती येत होती, मलम येत होतं, पाला उकडत होता. मी चानपेनला जे दिलं असं समजत होतो, तेच ही माणसं इतके दिवस मला देत होती आणि मला पत्ता नव्हता. मी खाली मान घातली आणि रडलो. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, सगळे एकदम बाळाकडे बघायला लागले.

जेवताना माझी खुर्ची कोणीतरी बाहेर नेऊन ठेवली. मी मंडळीत चटईवर बसलो, हातानं चिकट भात खाल्ला आणि आजींनी माझ्या पानात स्वतः वाढलं. घरी आल्यावर पिशवी परत फडताळावर टाकली. त्या सपाट जागेतच, पण सकाळपर्यंत गाढ झोपलो.

आज न लंगडता बाजारात गेलो. वाटेत जो भेटला त्यानं विचारलं, "कुठे निघालात?" आणि मग, "गुडघे कसे आहेत?" मी प्रत्येकाला थांबून पोरीच्या पायगुणाचं सांगितलं. प्रत्येकानं पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकून घेतलं.

तुझा,
लाइल